दोनशे दहा ग्रॅम रंग

मासळी बाजारात व्हर्निअर कॅलिपर घेऊन जाणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. व्हर्निअर म्हणजे कारखान्यात लोखंडाची जाडी मोजायचं पोलादी माप, मिलिमीटरचा पन्नासावा भागही दाखवणारं. आमच्या मॅडमच्या पर्समध्ये ते कंगवा आणि रुमाल यांच्यामध्ये असायचं. मासळीवालीने सुरमईच्या तुकड्या पाडल्या की मॅडम एक तुकडी उचलायच्या, व्हर्निअरच्या चिमटीत धरायच्या आणि चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायच्या.

"अकरा मिलिमीटर. ही दुसरी चौदा."

मासळीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, तुकडी तळायची हाय का मशीनीत बसवायची हाय?"

"तळायचीच आहे गो. पण अकराची आणि चौदाची एका तव्यात टाकली की एक करपते नि एक कच्ची राहते. सगळ्या बाराच्या काप."

गंमत म्हणजे ती बाई पुढे खरंच सारख्या तुकड्या कापायला लागली. त्याचा फायदा मलाही झाला, कारण मॅडमच्या मागे पिशवी धरून मीच उभा असायचो.

मॅडम रत्नागिरीतल्या एका आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवायच्या. लेथ मशीनवर लोखंड गरगर फिरवायचं आणि हत्यार लावून त्याला हवा तो आकार द्यायचा, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवलं. मी तिथेच रोजगार कौशल्यं शिकवतो. म्हणजे मुलाखतीला कसं बसावं, हस्तांदोलन कसं करावं, अर्ज कसा लिहावा. मॅडमना हा विषय विषयच वाटत नसे. "तुमच्या विषयात काही तुटत नाही ओ सर. मग चुकलं ते पोरांना कळणार कशाने?" असं त्या भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या.  

साडीवर खाकी कोट, अंबाडा कापडी टोपीत घट्ट कोंबलेला, खिशात कापसाच्या पुसण्या, असं त्यांचं ध्यान. वर्कशॉपमध्ये 'अंदाजे' हा शब्द उच्चारायला बंदी होती. एखादा पोरगा "मॅडम, अंदाजे वीस असेल" म्हणाला, तर त्या त्याच्या हातातलं काम काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अंदाज घरी आमटीत घाल. हयसर मोज." प्राचार्यांनासुद्धा एकदा त्यांनी हे ऐकवलं होतं. प्राचार्यांनी फक्त मीटिंग किती वेळ चालेल ते सांगितलं होतं.

तर अशा या बाईंना छंद कसला असावा? लढाऊ रोबो बनवायचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या भिंतींचा एक मोठा पिंजरा असतो. त्यात दोन रोबो सोडतात. बाहेर उभं राहून रिमोटने ते चालवायचे. एकाच्या तोंडाला फिरणारं पातं असतं, दुसऱ्याच्या तोंडाला दातेरी ड्रम, आणि दोघांनी तीन मिनिटं एकमेकांना फोडून काढायचं. जो दहा सेकंद हलला नाही तो हरला. दोघेही शेवटपर्यंत हलत राहिले तर पंच निकाल देतात. घाटावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दरवर्षी अशी स्पर्धा होते आणि तिच्यातला एक गट सगळ्यांना खुला असतो.

मॅडम पहिल्यांदा तिथे गेल्या त्या पोरांची सहल घेऊन. बघता बघता पिंजऱ्यातला एक रोबो कुणी न मारताच जागच्या जागी थांबला आणि तो बनवणारी पोरं रडायला लागली. मॅडम शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाल्या, "ह्यांनी नट आवळला नाही." सामना संपल्यावर आत जाऊन पाहिलं तर नटच सैल. परतीच्या एसटीत त्यांनी तिकिटाच्या मागे पहिलं चित्र काढलं.

पुढच्या वर्षी स्वतःचा रोबो घेऊन गेल्या आणि त्यांचाही नट सैल झाला! हे त्या स्वतःच हसत सांगायच्या, पण हसताना टोपी सारखी करायच्या.

त्या रोबोला त्यांनी नाव दिलं नव्हतं. लेथवर बनणाऱ्या वस्तूला आमच्याकडे नग म्हणतात, म्हणून तोही नग. नग पाटाएवढा लांबरुंद आणि विटेएवढा उंच. पुढचा उतरता पत्रा ट्रकच्या कमानपाट्याचा. ड्रम कातला होता तो मॅडमच्या भावाच्या लाँचच्या मोडक्या शाफ्टमधून. या भावाची मिरकरवाड्याला स्वतःची मासेमारीची लाँच आहे, आणि बहिणीने मागितलं तर तो चालू इंजिनही काढून देईल असा माणूस. नियमाप्रमाणे नगाचं वजन पंधरा किलोच्या आत असावं लागतं. मॅडमनी प्रत्येक स्क्रूचं वजन लिहून ठेवलं होतं.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात त्यांचं करड्या रंगाचं लोखंडी कपाट होतं. नग त्यातच राहायचा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने, फळ्यावर लिहावं तशा सुवाच्य अक्षरात वर लिहिलं होतं, 'कशाने हरलो'. खाली दर वर्षाची एक ओळ. एक, नट सैल. दोन, सोल्डरिंग सुटलं. तीन, पट्टा उतरला. चार, चार्जरचं बटण मीच चालू केलं नाही.

स्पर्धेहून आलं की सोमवारी सकाळी पहिलं काम हे. ओळ लिहायची, दार लावायचं, कुलूप घालायचं, मग हजेरी. चारही वर्षं नग पहिल्या मिनिटातच थांबला होता, आणि एकदाही समोरच्याच्या माराने थांबला नव्हता. मॅडमना सलायचं ते हेच. त्या म्हणायच्या, "समोरच्याने फोडून टाकलं तर मी टाळ्या वाजवीन. पण स्वतःची चूक करायची तर घरी बसून करावी. त्यासाठी घाट कशाला चढायचा?"

यात मी कसा सापडलो, तर माझ्या अंगठ्यांमुळे. ऑफ तासाला मी मोबाइलवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत होतो. मॅडम मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. मला वाटलं, आता प्राचार्यांकडे तक्रार जाणार. त्या म्हणाल्या, "अंगठे बरे चालतात तुमचे. शनिवारी दुपारी वर्कशॉपला या." त्यांचे स्वतःचे अंगठे लेथच्या चाकांना सरावलेले, रिमोटची ती नाजूक दांडी त्यांच्याकडून एकदम टोकालाच जायची. तेव्हापासून नगाचा ड्रायव्हर मी. तिसरी आणि चौथी हार माझ्या हातची आहे, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

पाचवं वर्ष शेवटचं होतं. मे अखेर मॅडम निवृत्त होणार होत्या. निवृत्त माणसाला लेथ मिळत नाही, आणि लेथशिवाय नग नाही. घरी लेथ ठेवावा तर घर मिरकरवाड्यात, पहिल्या मजल्यावर. त्यांनी घराची जमीन मोजून पाहिली होती. मला म्हणाल्या, "जमीन नाही पेलणार. तेव्हा सर, हेच वर्ष. जिंकायचं नाव काढू नका. मला तीन मिनिटं पुरी हवीत. भोंगा वाजेल तेव्हा नग हलत असला पाहिजे, बस."

आम्ही सहा महिने खपलो. प्रत्येक नट आवळून त्यावर खुणेची रेघ ओढली. सोल्डरिंग दुहेरी. पट्टे नवे. चार्जरच्या बटणावर मॅडमनी लाल पट्टी लावली. मंगळवारी नग काट्यावर ठेवला. चौदा किलो नऊशे चाळीस ग्रॅम. मॅडम काट्याकडे पाहून मान हलवत राहिल्या. शनिवारी सामना होता.

बुधवारी त्या लांबच्या भाचीच्या लग्नाला दापोलीकडे बुरोंडीला गेल्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली आणि बजावलं, "उघडू नका." आता मला सांगा, माणसाला किल्ली द्यायची आणि उघडू नका म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

त्याच दिवशी त्यांचा भाऊ आला आणि मी कपाट उघडलं. लग्न चुकवून आला होता, मासळीचा हंगाम जोरात होता म्हणून. नगाकडे बघून म्हणाला, "मास्तर, ह्यो असा उघडाच नेणार काय तुम्ही? लोखंड दिसतंय सगळं."

"लोखंडच आहे तो."

"आमची होडी बिनरंगाची दर्यात जात नाय. लोक काय म्हणतील? ह्यांच्या घरात कोण बघणारा नाय?"

मला ते एकदम पटलं. घाटावरची पोरं झगझगीत स्टिकर लावून येतात आणि आमचा नग दरवर्षी भंगारातून उचलल्यासारखा. बाईंचं शेवटचं वर्ष, कुणीतरी कौतुकाने काही करायला नको? आम्ही नग रिक्षात घालून जेटीवर नेला. पंख्यासारखा डोलणारा हात त्या भावाचा! आधी खाचाखोचांत लांबी, म्हणजे रंगाआधी भरायचा लगदा, भरली, घासली, मग निळा रंग, बुधवारी एक हात, गुरुवारी दोन. वर पांढरी रेघ. मी विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, "पाण्याची रेघ. तिच्याबिगर होडी नागडी दिसते." नग पाण्यात जाणार नाही हे मी सांगितलं, तर त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं आणि रेघ आणखी जाड केली.

शुक्रवारी सकाळी मॅडम आल्या. निघायची घाई, टेम्पो दाराशी उभा. कपाट उघडलं आणि त्या थांबल्या.

"कोणी केलं?"

मी आणि त्यांचा भाऊ शाळकरी पोरांसारखे उभे. मी म्हटलं, "आम्ही दोघांनी."

मला वाटलं, आता संपलो. मॅडमनी नगाच्या पाठीवरून बोट फिरवलं. पांढऱ्या रेघेवरून फिरवलं. टोपी सारखी केली. "बाबा असाच निळा लावायचे," एवढंच म्हणाल्या आणि कापसाची पुसणी डोळ्यांना लावली. मग एकदम ओरडल्या, "चला ओ, टेम्पोवाला काय जावई आहे का ताटकळायला?"

काट्याकडे कुणीच पाहिलं नाही. तुकडी मोजून घेणाऱ्या बाईने रंग मोजला नाही, आणि मी तर काय, रोजगार कौशल्यांचा माणूस.

शनिवारी सामन्याआधी अर्धा तास वजन होतं. काट्यावरच्या मुलाने आकडा वाचला, "पंधरा किलो दीडशे ग्रॅम. मॅडम, दीडशे जास्त आहे."

 मॅडमनी आकडा स्वतः वाकून वाचला. मग हळूच म्हणाल्या, "चौदा नऊशे चाळीस अधिक रंग. दोनशे दहा ग्रॅमचा रंग लावलाय मेल्यांनी." आणि माझ्याकडे बघून, "तुमची चूक नाही ओ. अठ्ठावीस वर्षं पोरांना सांगते, प्रत्येक गोष्टीला वजन असतं. तो रंग बघून मला वजन सुचलंच नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडूच यायचं बाकी होतं. पाचवी ओळ माझ्या डोळ्यांसमोर दिसत होती, पाच, रंग, सर. मी हॅकसॉचं पातं घेऊन खरवडायला बसलो. पण होडीचा रंग तो, समुद्राला दाद देत नाही, मला काय देणार! पाच मिनिटांत चिमूटभर निघाला.

मॅडमनी माझ्या हातातलं पातं काढून घेतलं. "राहू दे. रंग नाही काढायचा."

"मग काय काढायचं?"

त्यांनी पाना घेतला आणि नगाच्या पाठीमागचा पत्रा खोलला. चार नट. पत्रा तीनशे चाळीस ग्रॅमचा, पाठीला एवढीच काय ती ढाल. आत दोन्ही मोटारी आणि नारिंगी वायरी उघड्या दिसायला लागल्या. काट्यावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मागून एक फटका बसला तर संपलं."

"मागून बसू द्यायचा नाही," मॅडम म्हणाल्या. मग माझ्या हातात रिमोट ठेवला. "सर, आता आपल्याला पाठ नाही. तीन मिनिटं तोंड समोर. बाकी मी बघते."

समोर चार पोरं आणि एक मुलगी. त्यांचा रोबो उभ्या पात्याचा, झपकन वळणारा. भोंगा वाजला आणि पहिल्याच फटक्यात आमचा नग हवेत गेला, आपटला, पण पडला तो चाकांवर.  मॅडम माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या आणि आमच्या नगाकडे बघतच नव्हत्या. त्या समोरच्याची चाकं बघत होत्या. तो वळायच्या आधी चाक कुठे फिरतं ते बघायचं आणि मला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"डावीकडे येतोय. वळा. आता उजवीकडे. वळा ओ!"

मी वळत होतो. पुढच्या पत्र्यावर ठाण ठाण आवाज होत होते, निळ्या रंगाचे पापुद्रे पिंजऱ्यात उडत होते. एक मिनिट झालं. हा टप्पा आम्ही जन्मात गाठला नव्हता. मी तेवढ्यात घड्याळाकडे पाहिलं, आणि समोरचा रोबो आमच्या मागे गेला.

"वळ मेल्या, वळ!" मॅडमनी माझ्या खांद्यावर असा गुद्दा घातला की अंगठा आपोआप फिरला. नग गर्रकन वळला आणि फटका पत्र्यावर बसला. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली होती. पुढची सगळी लढाई एकेरीतच झाली.

दोन मिनिटांवर त्यांनी आमच्या ड्रमचा पट्टा तोडला. उतरला नाही हं, पात्याने कापून काढला. आता आमच्याकडे मारायला काही नव्हतं. नुसतं तोंड द्यायचं. अडीच मिनिटांवर एक चाक उडून भिंतीला लागलं. नग एका चाकावर गोल गोल फिरायला लागला. सरळ जाता येईना, पण एक कळलं, फिरण्याचा वेग मापात ठेवला तर तोंड त्याच्याकडेच राहतं. मॅडम कानाशी पुटपुटत होत्या, "हळू. आता जरा जोरात. हळू. मापात रे, मापात."

भोंगा वाजला. नग फिरतच होता. मी अंगठा काढायलाच विसरलो.

पंचांनी समोरच्यांना जिंकवलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. मॅडमनी निकाल ऐकलासुद्धा नाही. त्या थेट पंचांकडे गेल्या. "भोंगा वाजला तेव्हा हलत होता ना आमचा?"

"हो मॅडम, चांगलाच हलत होता."

"नक्की? अंदाजे नको."

"नक्की, मॅडम."

मग मॅडम त्या पोरांकडे गेल्या आणि पाचही जणांशी एकेकाचा हात धरून हस्तांदोलन केलं. मी वर्गात शिकवतो त्यात आणि या हस्तांदोलनात फार फरक होता, पोरांची बोटं पांढरी पडली. "छान मारलंत हो आम्हाला! झकास मारलंत! नट आवळलेले आहेत तुमचे." पोरं बिचारी गोंधळली. हरलेलं माणूस इतकं खूष त्यांनी पाहिलं नसावं. ती मुलगी वाकून आमचा ड्रम न्याहाळत होती. तिने विचारलं, "हा कुठून बनवून घेतलात?"

"बनवून कशाला घेऊ? रत्नागिरीला माझ्या लेथवर मी कातलाय," मॅडम म्हणाल्या, आणि पर्समधून व्हर्निअर काढून तिच्या हातात दिलं. "मोज. कुठेही मोज."

परतीच्या टेम्पोत त्या घोरत होत्या. मी जागा होतो. आनंद खूप झाला होता, पण पाचव्या ओळीचा काटा मनातून जाईना. पाठीचा पत्रा असता तर आम्ही मोकळेपणी लढलो असतो, कदाचित जिंकलोही असतो. माझ्या कौतुकापायी त्यांच्या शेवटच्या सामन्याला पाठ राहिली नव्हती. सोमवारी सकाळी मी पाहिलं, मॅडमनी कपाट उघडलं, काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि कुलूप घातलं. काय लिहिलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढचे तीन महिनेही झाली नाही.

निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि माइकवरून सांगितलं, "चाळीस सेकंद मागे आहे. बाकी छान." टाळ्या पडल्या. जाताना माझ्याजवळ थांबल्या, कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "नग भाऊ घेऊन गेलाय. लाँचवर ठेवायचा म्हणतो. कपाट तुमचं. आता उघडा हवं तर."

सगळे गेल्यावर मी वर्कशॉपमध्ये एकटाच गेलो. दार उघडलं. चार जुन्या ओळी होत्या तशाच. खाली पाचवी.

'पाच. समोरच्याने मारलं. तीन मिनिटं पुरी. सरांनी पाठ दाखवली नाही.'

रंगाचं नाव कुठेही नव्हतं. ज्या बाईने चार्जरच्या बटणासाठी 'मीच' असं लिहिलं होतं, तिने ते लिहिलं नव्हतं. मी तिथेच लेथच्या पायथ्याशी बसलो आणि मुकाट्याने रडून घेतलं. कुणी बघायला नव्हतं, म्हणून सांगतो.

गेल्या आठवड्यात आमचा स्टोअरकीपर रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. म्हणाला, "सर, कपाट गंजायला लागलंय. आतून बाहेरून एक हात मारून देतो."

"बाहेरून हवा तेवढा मार," मी म्हटलं. "आतल्या बाजूला ब्रश लागता कामा नये."

"का ओ?"

"रंगाला वजन असतं," मी म्हटलं आणि किल्ली खिशात घातली.